टपालपेटीवर नाव लाव, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, जर्मनीत आखेनला मास्टर्ससाठी प्रवेश मिळालाय. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोचतेय. पहिल्या महिन्यात काय करायचं याच्या याद्या दहा जणांनी पाठवल्या, आणि प्रत्येक यादी वेगळी. सुरुवात नेमकी कुठून करू? आणि मला तिथं करमेल ना?"

गेली चौदा वर्षं मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागार कक्षात काम करते. दर ऑक्टोबरला समोरच्या खुर्चीत तुझ्यासारखी मुलं बसलेली असतात. त्यांच्या हातात याद्याच असतात. त्या बहुधा चुकीच्या नसतात, पण कशाच्या आधी काय हे यादीत दिसत नाही, आणि जर्मनीत सगळं घोडं तिथंच अडतं. इथले कागद साखळीसारखे एकमेकांत अडकलेले आहेत, आणि पहिली कडी आहे तुझा पत्ता. पत्ता नाही तर नोंदणी नाही. नोंदणी नाही तर कर-क्रमांक येत नाही आणि निवास परवान्याचं काम पुढं सरकत नाही. म्हणून सुरुवात पत्त्यापासून.

आता एक गोष्ट सांगते, ती कुठल्याच यादीत नसते. भारतात आपण पत्त्यात फ्लॅटचा नंबर लिहितो. इथं बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, शहर, संपला पत्ता. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचतो आणि पाकीट टाकतो. पेटीवर तुझं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आणि इथं सगळं पत्रानंच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात. आरोग्य विम्याचं कार्ड, अकरा आकडी कर-क्रमांक, परवान्याच्या भेटीची तारीख, सगळं त्याच पेटीत.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे जवळजवळ रडवेला होऊन आला होता. सात आठवडे झाले, एकही पत्र नाही, खात्यातले पैसे अडकलेले, विम्याचं कार्ड नाही. त्यानं प्रत्येक कार्यालयाला चार-चार मेल केले होते. कुणाचीच चूक नव्हती. त्याच्या खोलीच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, आणि याची सगळी पत्रं 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' असा शिक्का घेऊन परत गेली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच सांगते. किल्ली हातात आली की सामान उघडण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर आडनाव लिही आणि पेटीला नि बेलला चिकटव. पक्की पट्टी घरमालक नंतर लावेल. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच लिही. आपल्याकडे पासपोर्टच्या नावात बऱ्याचदा वडिलांचं नावही असतं. ते इथं प्रत्येक अर्जात तसंच्या तसं भर. एकीकडे लांब नाव आणि दुसरीकडे छोटं असं झालं की दोन वेगळी माणसं तयार होतात, आणि ती एकच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता मुळात पत्ता मिळवायचा कसा. श्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि खानावळी चालवणारी संस्था. प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी तिथल्या प्रतीक्षायादीत नाव घालायला हवं होतं. घातलं नसशील तर आज घाल. रांग महिनोन्‌महिने चालते, पण दुसऱ्या सेमिस्टरला खोली मिळालेली मुलं मी दरवर्षी बघते. तोवर 'वेगे', म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली, हाच बहुतेकांचा मार्ग असतो. जाहिरात वाचताना दोन गोष्टी बघ. एक, भाडं 'काल्ट' आहे की 'वार्म'. काल्ट म्हणजे नुसतं खोलीचं, वार्म म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. वीज आणि इंटरनेट वार्ममध्येही धरलेलं नसू शकतं, तेव्हा विचारून घे. दोन, जाहिरातीत 'आनमेल्डुंग शक्य नाही' असं लिहिलंय का. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. ती होणार नसेल तर खोली कितीही छान आणि स्वस्त असो, तुझ्या उपयोगाची नाही. फार तर दोन आठवड्यांचा आडोसा.

आखेनला याचा एक खास सापळा आहे. शहराला लागूनच नेदरलँड्सची सीमा आहे आणि सीमेपलीकडे फाल्स नावाचं गाव. आखेनहून बस थेट तिथं जाते आणि बरेच युरोपीय विद्यार्थी तिथं राहतातही. त्यांना चालतं, कारण ते युरोपीय संघाचे नागरिक आहेत. तुझा व्हिसा जर्मनीत राहण्याचा आहे. त्यावर फाल्सला फिरायला जाता येतं, घर करून राहता येत नाही. फाल्समधली खोली म्हणजे जर्मन पत्ता नाही, हे लक्षात ठेव.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकीच घेता येते, आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. हे कायद्यात आहे, त्यामुळे हप्ते मागायला संकोच नको. खोली न दाखवता, 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल' असं म्हणणारा माणूस भामटा असतो. याला मी एकही अपवाद पाहिलेला नाही. पासपोर्टची प्रतही अशा कुणाला पाठवू नकोस. खोली ताब्यात घेताना भिंती, खिडक्या, बेसिन, गादी, सगळ्याचे फोटो काढ आणि काय तुटकंफुटकं आहे ते मालकाबरोबर कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे. घर सोडताना अनामत परत मागायला तोच कागद कामाला येतो. मालक 'शूफा' मागेल. तो तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाचा दाखला. नव्या माणसाचा इतिहासच नसतो. त्याऐवजी प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याचा, दाखला दे, समजूतदार मालकाला तेवढं पुरतं.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असा नियम आहे. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. तो देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, आणि भाडेकरार म्हणजे हा कागद नव्हे. मालकानं टाळाटाळ केली तर नम्रपणे पण लेखी माग. नगरपालिकेची वेळ, म्हणजे 'टेर्मीन', दोन आठवड्यांच्या आत मिळत नाही असं मोठ्या शहरांत नेहमी होतं. घाबरू नकोस. मिळेल ती सगळ्यात लवकरची तारीख घे आणि ती कधी घेतली त्याचा पुरावा जपून ठेव. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास वेबसाइट पुन्हा बघ, रद्द झालेल्या वेळा तेव्हा परत दिसू शकतात.

पैशांचं गणित इथंच करून टाकू, कारण मुलं यातच फसतात. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. ऐकायला भरपूर वाटते. पण ती महिन्याला ९९२ युरो अशीच सुटते, आणि तीही इथं चालू खातं उघडून ते जोडल्यावर. पहिला महिना मात्र ९९२ मध्ये बसत नाही. समज खोलीचं काल्ट भाडं ४०० आहे. अनामत १,२०० पर्यंत जाऊ शकते, पहिलं वार्म भाडं वेगळं, सेमिस्टरची वर्गणी वेगळी, विम्याचा हप्ता वेगळा, गादी-उशी-भांडी वेगळी. दोन हजार युरो सहज लागतात. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटव्यतिरिक्त तेवढे पैसे हाताशी असे ठेव की पहिले सहा आठवडे कुणापुढे हात पसरायला नको. घरच्यांना हे आत्ताच समजावून सांग. 'बारा हजार भरलेत की' असं म्हणून ते निर्धास्त असतात, आणि ऑक्टोबरात मुलगी उसने पैसे शोधत फिरते.

विम्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तीस वर्षांच्या आत असशील तर सार्वजनिक विमा कंपनीचा विद्यार्थी विमाच घे. दरमहा दीडशे युरोंच्या आसपास जातात आणि स्वस्तातल्या खासगी विम्याचा मोह होतो. पण खासगीसाठी एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतलीस तर या शिक्षणात परत फिरता येत नाही. दात दुखला किंवा पाय मोडला की ते स्वस्त महाग पडतं. याशिवाय 'हाफ्टफ्लिश्ट' नावाचा एक छोटा विमा आहे, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा. वर्षाला पन्नास-साठ युरोंच्या आसपास मिळतो. वसतिगृहाची किल्ली हरवली तर कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचं बिल येतं. घेताना किल्लीचं नुकसान त्यात धरलंय का ते विचार. हा विमा घेच.

व्हिसा बहुतेकदा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज परदेशी नागरिक कार्यालयात पोचला पाहिजे. नोंदणी झाली की लगेच अर्ज करून टाक, जानेवारीची वाट बघू नकोस. अर्ज मुदतीत गेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुझा मुक्काम कायदेशीरच राहतो, आणि तसं दाखवणारा तात्पुरता दाखलाही मागता येतो. अर्ज पोचल्याची पावती मात्र स्वतःकडे ठेव.

आलेली पत्रं. माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षी मी न कळणारी जर्मन पत्रं ड्रॉवरमध्ये ठेवत गेले, सवड मिळाली की बघू म्हणून. त्यातलं एक रुंडफुंकबाइट्रागचं होतं, म्हणजे रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी. घरात टीव्ही नाही, तेव्हा आपला काय संबंध, असं मला वाटलं. संबंध असतो. ती घरटी असते, सध्या महिन्याला १८.३६ युरो, आणि न भरल्यास साचत जाते. माझी दीड वर्षाची थकबाकी एकदम आली तेव्हा महिनाभर काटकसर करावी लागली होती. वेगेमध्ये एकानं भरली की बाकीच्यांना पुरते. फक्त भरणाऱ्याचा वर्गणी-क्रमांक त्या वर्गणीच्या कार्यालयाला कळवायचा आणि पैसे आपसांत वाटून घ्यायचे. म्हणून एक फाइल कर. पत्र आलं की त्याच दिवशी उघड, भाषांतराच्या ॲपमधून वाच, तारखेनं लाव. पिवळं पाकीट आलं आणि त्यावर हातानं तारीख लिहिलेली असेल तर ते कार्यालयाकडून अधिकृतपणे बजावलेलं आहे. त्या तारखेपासून उत्तराची मुदत मोजली जाते, तेव्हा ते पाकीटसुद्धा फेकू नकोस.

घरातल्या सवयींत दोनच गोष्टींवर जोर देते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. ड्रिल, वॉशिंग मशीन, मोठ्यानं व्हिडिओ कॉल, सगळ्यावर शेजारी बोलतील. दुसरी गोष्ट हवा. थंडीत आपण खिडक्या घट्ट लावून घेतो, आत कुकरच्या शिट्ट्या होतात, कपडे वाळत असतात, आणि दोन महिन्यांत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ती अनामतीतून कापली जाऊ शकते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, आणि परत लावायची. रिकामी बाटली परत केली की मिळणारी अनामत, कचऱ्याच्या डब्यांचे वेगवेगळे रंग, रविवारी बंद असलेली दुकानं, हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. शनिवारी रात्री पोचणार असशील तर मात्र रविवारपुरतं खायचं बरोबर असू दे.

आजारपणासाठी दोन नंबर. जिवावर बेतलं तर ११२. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप-उलट्या असं काही असेल आणि डॉक्टर बंद असतील तर ११६११७. एरवी घराजवळचा एक 'हाउसआर्ट्स्ट', म्हणजे नेहमीचा डॉक्टर, बरी असतानाच शोधून ठेव.

अभ्यासात एकच धोका, पण मोठा. वर्गाला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिची मुदत सेमिस्टरच्या मध्येच असू शकते, आणि ती कुणी आठवण करून देत नाही. सगळी व्याख्यानं ऐकून, वह्या भरून, परीक्षेच्या दिवशी यादीत नाव नाही म्हणून परत आलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच संधी असतात, आणि तिसरीही गेली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. गुणही उलटे असतात: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. संपूर्ण सेमिस्टरचा निकाल एकाच लेखी परीक्षेवर लागणं इथं सर्रास असतं. म्हणून नोकरीबद्दल माझा सल्ला बऱ्याच मुलांना आवडत नाही: पहिल्या सेमिस्टरला नोकरी नको. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, मुभा चांगली आहे. पण पहिल्या परीक्षांचा अंदाज आल्यावर, फेब्रुवारीनंतर, आपल्याच विभागात 'हिवी' म्हणजे विद्यार्थी सहायकाचं काम मिळवलंस तर पैसे आणि ओळखी दोन्ही होतील. घरून पैशांची खरोखरच ओढाताण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शनिवारचं एकच काम घे, आठवड्यातल्या संध्याकाळी विकू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न. 'करमेल ना?' हा तू शेवटी, जाता जाता विचारलास. पण मला विचारशील तर खरा प्रश्न हाच आहे. कागद कुठल्या ना कुठल्या वाटेनं होतातच.

पहिले पाच-सहा आठवडे करमतं. धावपळ असते, सगळं नवं असतं. आखेनमधल्या एलिझेनब्रुनेन या झऱ्याच्या वास्तूपाशी बस बदलताना गंधकाच्या पाण्याचा तो कुजक्या अंड्यासारखा वास येतो, त्याचंही अप्रूप वाटतं. मग नोव्हेंबर येतो. कागद संपतात, नवलाई संपते आणि उजेड संपतो, तिन्ही एकदमच. डिसेंबरात आखेनला सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास मावळतं. माझ्या खुर्चीसमोर रडणारी मुलं ऑक्टोबरात कमी असतात, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जास्त. आणि जवळजवळ प्रत्येकजण एकच वाक्य म्हणतो: 'इथली माणसं बोलतात छान, पण मैत्री करत नाहीत.'

करतात. पण त्यांची रीत वेगळी आहे, आणि ती मला कळायला तीन वर्षं लागली. आपल्याकडे ओळख येता-जाता होते, कुणी न सांगता घरी येतं, गप्पा लांबतात. इथं ओळख ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, वारंवार भेटून होते. गायनाचा गट, बॅडमिंटनचा तास, डोंगर चढणारी मंडळी, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक. दर मंगळवारी सात वाजता तुम्ही दोन महिने न चुकता आलात, की तिसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणतं, 'नंतर येतेस का आमच्याबरोबर?' तो एक प्रश्न यायला आठ-नऊ मंगळवार लागतात. म्हणून हे नोव्हेंबरात सुरू करून उपयोग नाही. तेव्हा मन आधीच खचलेलं असतं आणि आठ आठवडे थांबायचं बळ नसतं. ऑक्टोबरात, कागदांच्या गडबडीतच, एक ठरलेली संध्याकाळ बांधून घे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग विद्यार्थ्यांना परवडतील असे असतात, पण नोंदणी उघडली की लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात. तारीख आजच बघून ठेव. वर्ग कुठला हे महत्त्वाचं नाही, दर आठवड्याला तीच माणसं असली पाहिजेत.

मराठी आणि भारतीय मंडळी तिथं भेटतीलच, आणि त्यांचा मोठा आधार असतो. दिवाळी त्यांच्याबरोबरच कर. पण घर शक्य असेल तर मिश्र घे. स्वयंपाकघरात रोज दहा मिनिटं जर्मन कानावर पडणं हे कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकवतं. अभ्यास इंग्रजीत असला तरी नगरपालिका, डॉक्टर, शेजारी आणि पुढं नोकरीसाठीची मुलाखत, बऱ्याचदा सगळं जर्मनमध्येच असतं. एक गोष्ट आपल्याला सोपी जाते: 'डू' आणि 'झी' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजीची सवय झालेल्यांना ते शिकावं लागतं, आपल्याला आतूनच कळतं. सोबतच्या विद्यार्थ्यांना डू, कार्यालयात आणि प्राध्यापकांना झी.

आणि तरीही नोव्हेंबरात उठावंसं वाटेनासं झालं, सलग दोन आठवडे वर्गाला गेली नाहीस, तर श्टुडिरेंडनवेर्ककडे किंवा विद्यापीठात समुपदेशक असतात. विद्यार्थ्यांना त्याचे पैसे पडत नाहीत आणि त्याची नोंद गुणपत्रिकेवर येत नाही. बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतूनही बोलता येतं. वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून 'अजून एवढं काही झालं नाही' असं वाटत असतानाच नाव घालून ठेव.

घरी फोनची वेळही ठरवून घे, रोज नसला तरी चालेल. तू पोचशील तेव्हा भारत साडेतीन तास पुढं असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं जातात आणि अंतर साडेचार तासांचं होतं. आईला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे त्या रविवारी तुझा फोन तासभर उशिरा आला तर ती काळजी करणार नाही.